खड्याच्या पोटात

मिठाचा एक चौकोनी स्फटिक, त्याला लागून पाण्याचा थेंब आणि थेंबात वायूचा बुडबुडा. तिन्ही एका दातेरी कडांच्या, डोळ्यांना दिसणारही नाही इतक्या बारीक पोकळीत बसलेले, आणि ती पोकळी एका हिरव्यागार पाचूच्या पोटात. मुंबईतल्या एका रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत मी सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसले होते. शेजारी उभ्या असलेल्या रत्नपरीक्षक बाई म्हणाल्या, "मीठच आहे ते. आपल्या स्वयंपाकघरात असतं तेच."

कोलंबियातल्या अँडीज पर्वतात काही कोटी वर्षांपूर्वी तीनशे अंशांवर तापलेलं अतिशय खारट पाणी काळ्या शेल खडकाच्या भेगांमधून फिरत होतं. त्याच पाण्यात हा पाचू वाढला. वाढता वाढता त्या पाण्याचा एक कण त्याच्या आत कोंडला गेला. पुढे खडक निवला. पाणी आकसलं आणि मोकळ्या झालेल्या जागेत बुडबुडा आला. थंड झालेल्या पाण्यात एवढं मीठ विरघळून राहीना, म्हणून त्याचा स्फटिक वेगळा झाला. तेव्हापासून त्या थेंबाला बाहेरची हवा लागलेली नाही.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'दोष' हा विषय ठरवला, तेव्हा मला आधी आठवला तो सराफा. रत्नांच्या व्यापारात दोष या शब्दाला थेट किंमत असते. खड्यात काळा ठिपका, ढगाळ पट्टा, चीर, रेघ असं काहीही दिसलं की भाव उतरतो. व्यापारी त्याला 'इन्क्लूजन' म्हणतात, पाचूच्या बाबतीत जुने जवाहिरे 'जिरम' म्हणतात. प्रयोगशाळेत नेमकं उलटं घडतं. तिथे आत काही दिसलं की काम सुरू होतं, आणि काहीच दिसलं नाही की बाईंच्या कपाळाला आठी पडते. हे दोन व्यवहार एकाच खड्याभोवती कसे चालतात, ते पाहायला मी निघाले.

आधी पुसा

"आधी पुसा," ही पहिली सूचना. नवख्या माणसाला जे इन्क्लूजन वाटतं, ते पुष्कळदा वर बसलेली धूळ नाहीतर बोटाचा तेलकट ठसा असतो. खडा स्पिरिटनं पुसून, चिमट्यात धरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. प्रकाश खालून सरळ येत नाही. मधोमध एक झाकण असतं आणि उजेड खड्यात कडेनं शिरतो. त्यामुळे मागची बाजू काळी राहते, आणि खड्याच्या आत प्रकाशाला अडवणारं जे काही असेल तेवढंच उजळून निघतं. साध्या डोळ्यांना स्वच्छ दिसणारा नीलम या उजेडात गजबजलेला निघतो.

मग फोकस हळूहळू खाली न्यायचा. वरच्या पैलूवरचे ओरखडे आधी दिसतात, ते विरतात, आणि आपण आत शिरतो. इथे एक फसगत ठरलेली आहे. पैलू आरशाचं काम करतात, त्यामुळे आतला एकच स्फटिक सात-आठ ठिकाणी दिसतो. बाई चिमटा किंचित फिरवतात आणि खरा कोणता, प्रतिबिंबं कोणती ते सांगतात. पैलूंचा त्रास फारच झाला तर खडा मिथिलीन आयोडाइड नावाच्या जड, पिवळसर द्रवात बुडवतात. नीलम आणि माणकाइतकाच हा द्रव प्रकाशाला वाकवतो, त्यामुळे पैलूंच्या कडा जवळजवळ नाहीशा होतात आणि आतलं तेवढं उरतं. वास उग्र असतो. खिडकी उघडी ठेवून काम करतात.

काय काय दिसतं? दुसऱ्या खनिजांचे स्फटिक, कधी गोलसर, कधी धारदार. द्रवानं भरलेल्या बारीक पोकळ्यांची जाळी, जिला बोटाच्या ठशाशी असलेल्या साम्यावरून 'फिंगरप्रिंट' असंच नाव पडलं आहे. सुया, नळ्या, भुकटीचे ढग, रंगाचे पट्टे. यातल्या काही गोष्टी खड्याच्या आधीपासून त्या जागी होत्या आणि वाढत्या स्फटिकानं त्यांना पोटात घेतलं. काही त्याच्याबरोबरच जन्मल्या. काही नंतरच्या आहेत. फिंगरप्रिंट हा नंतरच्यातला नमुना. खड्याला जमिनीखालीच तडा गेला, तड्यात द्रव शिरला, आणि स्फटिकानं तो तडा सांधता सांधता द्रवाचे थेंब आत अडकवले. म्हणजे ती भरून आलेली जखम असते.

हे सगळं शास्त्रशुद्ध रीतीनं जमवण्याचं श्रेय फार मोठ्या प्रमाणात एका माणसाकडे जातं. स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नचे एडुआर्ड ग्युबेलिन, जन्म १९१३, मृत्यू २००५. घरचा धंदा घड्याळं आणि दागिन्यांचा. इन्क्लूजनवरून रत्न ओळखण्याविषयीचं त्यांचं पुस्तक १९५३ साली आलं. पुढे १९८६ मध्ये अमेरिकेतल्या जॉन कोइव्हुला यांच्याबरोबर त्यांनी इन्क्लूजनांचा छायाचित्र-कोश काढला. तो आजही प्रयोगशाळांमध्ये हाताशी असतो. ग्युबेलिन स्वतः खाणींवर जात. अमुक खाणीचाच म्हणून खात्रीनं आणलेला खडा हाताशी असल्याशिवाय तुलना कशाशी करणार, हा त्यांचा आग्रह होता. या विद्येचा सगळा भरवसा अशा खात्रीच्या नमुन्यांवर उभा आहे.

गोव्यातून गेलेले पाचू

मिठाच्या स्फटिकाची गोष्ट आपल्या किनाऱ्यापर्यंत येते. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी कोलंबियातल्या मुझोच्या खाणी ताब्यात घेतल्या आणि तिथले पाचू जहाजांतून युरोपात येऊ लागले. पण एवढ्या मोठ्या, एवढ्या गर्द पाचूंची हौस आणि ऐपत होती ती मोगल दरबारात आणि दख्खनच्या सुलतानांकडे. लिस्बनहून आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या पोर्तुगीज जहाजांतून पाचू गोव्यात उतरत आणि तिथल्या जवाहिऱ्यांच्या हातून उत्तरेकडे जात. पुढे फिलिपिन्समार्गेही माल येऊ लागला. 'मोगल एमराल्ड' म्हणून ओळखला जाणारा २१७.८० कॅरटचा कोरीव पाचू प्रसिद्ध आहे. त्यावर हिजरी ११०७ हे वर्ष कोरलेलं आहे, म्हणजे इसवी सन १६९५-९६. औरंगजेब तेव्हा दख्खनमध्ये मराठ्यांशी लढत होता.

भारतातल्या जवाहिऱ्यांना मात्र हे पाचू कुठले, याची एक वेगळीच कथा ठाऊक होती. उत्तम प्रतीच्या जुन्या पाचूंना ते 'जुन्या खाणीचे' म्हणत. पूर्वेकडे कुठेतरी एक खाण होती आणि ती आता हरवली आहे, असा समज होता. २००० साली फ्रेंच शास्त्रज्ञ गॅस्टन ज्युलियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात ऐतिहासिक पाचूंच्या ऑक्सिजन समस्थानिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हैदराबादच्या निजामाच्या खजिन्यातले जुने पाचूही तपासले होते. त्यांतले काही कोलंबियाचे निघाले. हरवलेली खाण अटलांटिकच्या पलीकडे होती.

राजस्थानात १९४० च्या दशकात अजमेरच्या बाजूला पाचू सापडले, त्यांच्या पोटात मिठाचे स्फटिक नसतात. तिथे अभ्रकाचे पापुद्रे आणि स्वल्पविरामासारख्या आकाराच्या पोकळ्या दिसतात, कारण ते अभ्रकयुक्त खडकात जन्मले. झांबियाच्या पाचूतही अभ्रक असतं. "पण एका खुणेवर आम्ही निकाल देत नाही," बाई म्हणाल्या. द्रव, वायू आणि स्फटिक एकत्र असलेल्या पोकळ्या अफगाणिस्तानच्या पाचूत आणि काही झांबियाच्या पाचूतही मिळतात, हे अलीकडे चांगलंच लक्षात आलं आहे. म्हणून पोकळीचा आकार, सोबतची खनिजं, खड्यातल्या मूलद्रव्यांचं प्रमाण, सगळं एकत्र ठेवून मगच कागदावर देशाचं नाव लिहिलं जातं. आणि त्या नावावर किंमत हलते. सारखेच दिसणारे, सारख्याच वजनाचे दोन पाचू केवळ जन्मस्थानामुळे अगदी वेगळ्या भावाला जातात.

आतला स्फटिक कोणत्या खनिजाचा आहे हे खडा न फोडता कळतं, ते भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांच्यामुळे. लेसरचा झोत सूक्ष्मदर्शकातून त्या कणावर टाकायचा आणि परत येणारा बदललेला प्रकाश वाचायचा. १९२८ साली कोलकात्यात लागलेला शोध आज जगातल्या प्रत्येक मोठ्या रत्नप्रयोगशाळेच्या टेबलावर यंत्र होऊन बसला आहे. खुद्द रामन यांनी हिऱ्यांवर वर्षानुवर्षं संशोधन केलं होतं.

थिबा राजाचा मुलूख

माणकाचं बोलायचं तर रत्नागिरीला जावं लागतं. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ मध्ये तिथे आणून ठेवलं आणि १९१६ मध्ये तो तिथेच वारला. मोगोकच्या माणकांच्या खाणी त्याच्या घराण्याच्या मालकीच्या होत्या. मोठी माणकं राजाची, असा तिथला कायदा होता. कैदेतल्या राजानं सोबत आणलेली रत्नं खर्चापायी एकेक करून विकली. त्यामुळे "हे थिबा राजाचं माणिक" असं सांगत कोणी खडा पुढे केला, तर ऐकणाऱ्याला ते अगदीच अशक्य वाटत नाही.

सूक्ष्मदर्शक अशा दाव्याचा अर्धा भाग तपासू शकतो. मोगोकचं माणिक संगमरवरात जन्मतं. संगमरवर म्हणजे कॅल्साइट, म्हणून त्याच्या पोटात कॅल्साइटचे गोलसर, चमकदार स्फटिक असतात. रुटाइल या खनिजाच्या आखूड सुया घोळक्यानं बसलेल्या असतात आणि रंग काकवीसारखा वळणावळणानं पसरलेला दिसतो. थायलंडची माणकं बेसाल्टबरोबर वर आलेली, त्यात या सुया जवळजवळ नसतातच. २००९ पासून मोझांबिकची माणकं बाजारात आली आणि त्यांनी सगळा व्यापार बदलून टाकला. त्यांच्यात ॲम्फिबोल या खनिजाचे स्फटिक सापडतात. तेव्हा माणिक मोगोकचं की नाही, हे सांगता येईल. राजाच्या पेटीतलं की नाही, हे मात्र कुठलाही खडा सांगत नाही.

एक तिसरी शक्यता असते, आणि जुन्या घरांमध्ये ती पुष्कळदा खरी ठरते. ऑग्युस्त व्हेर्नुई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९०२ मध्ये ज्योतीवर माणिक तयार करण्याची पद्धत जाहीर केली. ॲल्युमिनाची भुकटी आगीतून थेंबाथेंबानं खाली पडते आणि फिरत्या दांडीवर थराथरानं स्फटिक वाढतो. रासायनिक दृष्ट्या ते माणिकच. पण थर गोलाईनं बसतात, म्हणून आत वक्र रेषा दिसतात, आणि अधूनमधून वायूचे गोल बुडबुडे. निसर्गात वाढलेल्या माणकात रेषा सरळ असतात, कोनात वळतात, वक्र कधीच नसतात. या एका फरकावर शंभर वर्षं लाखो खड्यांचा निकाल लागत आला आहे. बाई सांगत होत्या की आजी-पणजीचा दागिना घेऊन येणाऱ्यांना "हे बनवलेलं आहे" असं सांगणं हा त्यांच्या कामातला सगळ्यात जड भाग असतो. पणजीनं त्या काळी खऱ्या माणकाच्या भावानं घेतलं असेल का, हा प्रश्न समोरचा माणूस विचारतोच, आणि त्याला उत्तर नसतं.

रेशीम

नीलम आणि माणिक ही दोन्ही कोरंडमची रूपं, ॲल्युमिनियम ऑक्साइडची. खोल जमिनीत तापलेलं असताना कोरंडममध्ये थोडं टायटॅनियम सामावतं. साखरेचा पाक थंड झाला की त्यात जास्तीची साखर राहत नाही, दाणे धरते. तसं थंड होणाऱ्या कोरंडमला ते टायटॅनियम धरून ठेवता येत नाही. ते रुटाइलच्या सुया होऊन वेगळं पडतं. सुया वाटेल तशा पडत नाहीत. स्फटिकाच्या षट्कोनी रचनेनं ठरवलेल्या तीन दिशांनाच पडतात आणि एकमेकींना साठ अंशांत छेदतात. कडेनं प्रकाश टाकला की त्या इंद्रधनुषी चमकतात. व्यापारात याला 'सिल्क', रेशीम म्हणतात.

सुया भरपूर असल्या आणि खडा पैलू न पाडता घुमटासारखा घासला, तर प्रत्येक दिशेच्या सुया प्रकाशाची एकेक रेघ उमटवतात. तीन रेघा मिळून सहा किरणांचा तारा. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतला ५६३.३५ कॅरटचा 'स्टार ऑफ इंडिया' नावापुरता भारताचा. तो श्रीलंकेचा नीलम आहे. नवरत्नातला लसण्या याच तत्त्वावर चमकतो, फक्त त्यातल्या सुया किंवा नळ्या एकाच दिशेला असतात, म्हणून एकच रेघ. लसण्यातून इन्क्लूजन काढून टाकली तर लसण्या उरत नाही.

काश्मिरी नीलमचं गारूड हेही आतल्या बारीक कणांचं देणं आहे. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला पाडरच्या बाजूला, सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर दरड कोसळली आणि निळे स्फटिक उघडे पडले. उत्तम माल काही वर्षांतच संपला. त्या निळ्या रंगावर मखमलीची साय असते, असं जाणकार सांगत आले. सूक्ष्मदर्शकाखाली ती साय म्हणजे धुळीइतक्या बारीक कणांचे थर आहेत. ते प्रकाश पसरवतात, खडा किंचित मवाळ करतात, आणि निळा रंग कुठल्याही कोनातून काळवंडू देत नाहीत. जगातला सगळ्यात महाग नीलम पूर्ण पारदर्शक नाही, ही गोष्ट मला या सगळ्या शोधात फार महत्त्वाची वाटली.

आणि वय. नीलमच्या पोटात कधीकधी झिरकॉनचा कण असतो. झिरकॉनमध्ये युरेनियम असतं, त्याचं ठरलेल्या गतीनं शिसं होतं. हे प्रमाण मोजलं की वर्षं कळतात. मादागास्कर आणि श्रीलंकेचे नीलम पन्नास कोटी वर्षांच्या आगेमागे जन्मलेले आहेत. काश्मीरचे नीलम हिमालय उभा राहत असतानाचे, त्यामानानं कालचे. एकाच ट्रेमध्ये शेजारी ठेवलेल्या दोन निळ्या खड्यांमध्ये एवढं अंतर असू शकतं.

भट्टी, तेल, काच

हेच रेशीम माणसानं वितळवायला घेतलं. श्रीलंकेत दुधाळ, फिकट रंगाचे 'गेउडा' खडे ढिगानं मिळत आणि कोणी विचारीत नसे. १९७० च्या दशकात थाई व्यापाऱ्यांनी ते उचलले आणि दीड हजार अंशांच्याही वर तापवले. रुटाइल विरघळलं, टायटॅनियम पुन्हा कोरंडममध्ये शिरलं, तिथल्या लोहाशी जोडी जमली आणि खडा निळा झाला. आज बाजारातले बहुतेक नीलम आणि माणकं भट्टीतून आलेली असतात. यात फसवणूक नाही, सांगितलं तर. भट्टी मात्र आत खूण ठेवते. सुया तुटून ठिपक्यांच्या ओळी होतात, आतले स्फटिक फुगतात आणि त्यांच्याभोवती चकतीसारखे तडे जातात. अखंड रेशीम असलेला खडा तापवलेला नाही, याचा तेच रेशीम पुरावा असतं. न तापवलेल्या उत्तम खड्याची किंमत तापवलेल्याच्या कितीतरी पट जाते. म्हणजे दोष शिल्लक असणं हेच तिथे मोलाचं.

पाचूची तऱ्हा वेगळी. पृष्ठभागापर्यंत आलेल्या चिरांमध्ये तेल भरण्याची रीत फार जुनी आहे. जयपूरमध्ये घासलेला पाचू तेलात मुरवणं हा कामाचाच भाग आहे. तेल जवळजवळ पाचूइतकंच प्रकाशाला वाकवतं, त्यामुळे चीर दिसेनाशी होते. रंगहीन तेल व्यापारात मान्य आहे आणि प्रयोगशाळा ते किती आहे तेही लिहितात: अत्यल्प, मध्यम, जास्त. हिरव्या रंगाचं तेल भरणं मात्र खोटा रंग चढवणं आहे. जयपूरच्या बाजारात त्याला 'जोबन' म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली रंग चिरांमध्येच साकळलेला दिसतो, आजूबाजूचा पाचू फिका असतो. बघताक्षणी समजतं.

सगळ्यात जास्त नुकसान केलं ते काचेनं. २००४ च्या सुमारास शिसं मिसळलेल्या काचेनं भरलेली माणकं बाजारात आली. मूळ माल इतका भेगाळलेला की हातात धरण्याच्या लायकीचा नाही. त्यात वितळलेली काच भरली की लालबुंद, स्वच्छ खडा तयार. बाईंनी मला असा एक खडा दाखवला. किंचित हलवला की भेगांमधून निळी आणि नारिंगी चमक धावते आणि काचेत अडकलेले चपटे बुडबुडे दिसतात. अशा खड्यात माणिक किती आणि काच किती, हा प्रश्न विचारावा लागतो. सोनारानं अंगठी दुरुस्त करताना खडा न काढता आच दिली किंवा आम्लात बुडवली, की काच खराब होते आणि खडा पांढऱ्या भेगांनी भरून जातो. घरी लिंबानं अंगठी घासली तरी काच झिजते. या खड्यांना नुसतं 'माणिक' म्हणून विकणं ही माझ्या मते उघड लबाडी आहे.

सहाशे किलोमीटर खालून

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये हिरे पाहण्याची पद्धत वर्षानुवर्षं तीच आहे. पांढरं टेबल, पांढरा उजेड, चिमटा, 'आयग्लास' म्हणजे दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि कागदाच्या पुड्या. असॉर्टर मुलगा पुडी उघडतो, हिरा चिमट्यात धरून डोळ्याजवळ नेतो, आणि मला दोन श्वासही घेता येऊ नयेत इतक्या वेळात तो एका बाजूला सरकवतो. आत काळा ठिपका असला तर त्याला 'नॅट्स' म्हणतात. ठिपका हिऱ्याच्या वरच्या सपाट पैलूखाली मधोमध असला तर भाव फार पडतो, कडेला असला तर कमी. कोंदणाचा दात येईल तिथे तो दडवता येतो. जगभर मानली जाणारी शुद्धतेची श्रेणी याच दहापट भिंगावर बेतलेली आहे: वर 'फ्लॉलेस', तळाला 'आय-३', आणि मधल्या प्रत्येक पायरीवर पैसे.

जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी नऊ भारतात घासले जातात, मुख्यतः सुरतेत. तिथे कच्चा हिरा आधी यंत्रात जातो. आतल्या प्रत्येक ठिपक्याचा त्रिमितीय नकाशा निघतो आणि संगणक सुचवतो की कसा कापला तर ठिपके बाहेर राहतील आणि वजनही फार जाणार नाही. एरवीही घासताना निम्म्याहून अधिक वजन जातं. जाणाऱ्या भुकटीत ते ठिपके असतात.

आणि त्या ठिपक्यांमध्ये काय असतं? गार्नेट, ऑलिव्हिन, क्रोमाइट, लोखंडाची सल्फाइडं. माणसाची सगळ्यात खोल विहीर जिथे बारा किलोमीटरवर थांबली, तिथे हिरे दीडशे-दोनशे किलोमीटर खालचे नमुने बंद करून वर आणतात. हिरा स्वतः नुसता कार्बन, त्याचं वय त्याच्यावरून काढता येत नाही. आतल्या गार्नेटवरून किंवा सल्फाइडवरून ते काढतात, आणि शंभर कोटी ते साडेतीनशे कोटी वर्षं असे आकडे येतात. २०११ मध्ये स्टीव्हन शायरी आणि स्टीफन रिचर्डसन यांनी असे आकडे एकत्र मांडले. सागरतळाचा खडक खाली ढकलला जाऊन जे एक्लोजाइट तयार होतं, त्याचे कण तीनशे कोटी वर्षांपूर्वीच्या हिऱ्यांत सापडत नाहीत, त्यानंतरच्यात सापडतात. खंड फुटणं आणि पुन्हा जुळणं हे चक्र साधारण तेव्हा सुरू झालं असावं, हा निष्कर्ष हिऱ्यांतल्या 'दोषां'वरून निघाला.

त्याहून विलक्षण गोष्ट ब्राझीलची. माटो ग्रोसो राज्यात जुइना नावाच्या भागात नदीच्या गाळातून एक तीन मिलिमीटरचा तपकिरी, ओबडधोबड हिरा निघाला. दागिन्याच्या कामाचा नव्हताच. ग्रॅहॅम पिअरसन यांच्या गटानं तो सुमारे वीस डॉलरला घेतला. ते शोधत होते दुसरंच खनिज. मिळाला रिंगवुडाइटचा एक सूक्ष्म कण. हे खनिज पृथ्वीच्या पोटात ४१० ते ६६० किलोमीटरच्या दरम्यान विपुल असणार, असं शास्त्रज्ञ दीर्घकाळ मानत होते, पण पृथ्वीवरचा नमुना कोणी पाहिला नव्हता. उल्कांमध्ये तेवढं सापडलं होतं. २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. त्या कणाच्या स्फटिकजालात वजनाच्या सुमारे दीड टक्का पाणी होतं. इतक्या खोल पृथ्वी निदान काही ठिकाणी ओलसर आहे, हे तेव्हा पहिल्यांदा हाताला लागलं. फ्लॉलेस हिऱ्यातून हे कधीच कळलं नसतं.

सुरतेतही डोळस माणसं आहेत. २०२२ मध्ये तिथल्या व्ही. डी. ग्लोबल या कंपनीच्या लोकांना कच्च्या मालात ०.३२९ कॅरटचा एक हिरा मिळाला, ज्याच्या आतल्या पोकळीत दुसरा इवलासा हिरा सुटा हलतो. तो चाकावर गेला नाही. डी बिअर्सच्या संशोधकांनी तो तपासला आणि त्याला 'बीटिंग हार्ट' असं नाव मिळालं. रोज लाखो खडे हातांखालून जाणाऱ्या शहरात असं थांबून पाहणं सोपं नाही, म्हणून त्या असॉर्टरचं मला मनापासून कौतुक वाटतं. सुरतच्या आणि मुंबईच्या कारखान्यांनी घासण्याआधी वेगळे इन्क्लूजन असलेले खडे विद्यापीठांना दाखवण्याची पद्धत पाडली, तर भूशास्त्राला केवढा साठा मिळेल! नकाशा तर यंत्रानं आधीच काढलेला असतो.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांनी या विद्येची गरज आणखी वाढवली आहे. ते खरेच हिरे आहेत, काच नव्हे. उच्च दाबाखाली वाढवलेल्यांत कधी लोखंड-निकेलचे कण अडकतात आणि एखादा खडा चक्क लोहचुंबकाकडे ओढला जातो. वायूतून वाढवलेल्यांत काळ्या कार्बनचे ठिपके मिळतात. पण बरेच इतके स्वच्छ असतात की भिंगानं काहीच सांगता येत नाही आणि महागड्या यंत्रांकडे जावं लागतं. गार्नेटचा एक जांभळा कण दिसला असता, तर प्रश्न तिथेच मिटला असता.

निर्दोष पाहिजे

दादरच्या एका पेढीवर बसले असताना एक बाई मुलाची पत्रिका घेऊन आल्या. पुष्कराज हवा होता. "काका, आत काही दिसता कामा नये. गुरुजींनी निर्दोष सांगितलाय." पेढीवरच्या काकांनी वाद घातला नाही. त्यांनी दोन खडे मखमलीवर ठेवले आणि आयग्लास त्यांच्या हातात दिला. "ताई, याच्यात ही जाळी दिसते का? ही जमिनीतच झालेली आहे. हा दुसरा अगदी साफ आहे, पण त्याचा कागद माझ्याकडे नाही, म्हणून मी तो तुम्हाला देत नाही." बाई बराच वेळ भिंगातून पाहत राहिल्या. त्यांनी काय ठरवलं ते मला कळलं नाही, त्या विचार करून येते म्हणाल्या.

निर्दोष रत्नाची ही मागणी फार जुनी आहे. सहाव्या शतकात वराहमिहिरानं 'बृहत्संहिते'त हिऱ्याचे दोष नोंदवले, त्यांत कावळ्याच्या पावलासारखी खूण आहे, माशी आहे, केस आहे. ज्यानं ही यादी केली त्यानं हिऱ्याच्या आत फार बारकाईनं पाहिलं होतं, यात शंका नाही. तेव्हा आजच्यासारखे भट्टीत तापवलेले, काच भरलेले, ज्योतीवर वाढवलेले खडे नव्हते. खडा स्वच्छ असणं ही तेव्हा दुर्मीळ आणि खरीच चांगली गोष्ट होती. आज ती पैसे दिले की बनवून मिळते.

म्हणून दिवाळीत खडा घेणाऱ्यांना माझी विनंती. दुकानात आयग्लास मागा आणि स्वतः पाहा. चांगला सराफ तो आनंदानं देतो. 'नैसर्गिक' या शब्दावर थांबू नका, तापवला आहे का, तेल किंवा काच भरली आहे का, हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या. मोठी रक्कम असेल तर प्रयोगशाळेचा अहवाल मागा आणि त्यातली 'ट्रीटमेंट'ची ओळ वाचा. घरातला पाचू गरम साबणाच्या पाण्यात टाकू नका, सोनाराला तो अल्ट्रासॉनिक यंत्रात घालू देऊ नका, आणि माणकाच्या अंगठीला लिंबू-चिंच लावू नका. आत एखादी रेघ, एखादा ठिपका दिसला तर खडा लगेच परत करू नका, ती कशाची आहे ते विचारा. आणि ज्या स्वस्त, मोठ्या, लखलखीत खड्यात काहीही दिसत नाही, त्याचा अहवाल हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.